साडेपाच तास मागे गेलेला काटा : ऑरॅकलच्या सिसडेटचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना, रोजचे गाळप सुमारे ५,००० टन. नाव-गाव वगळले आहे आणि गाड्यांचे आकडे थोडे गोल केले आहेत. उसाच्या गाड्यांसाठी इथे दोन काटे आहेत. भरल्या गाडीचे वजन एकावर होते, गाडी गव्हाणीत खाली झाली की रिकामे वजन दुसऱ्यावर, आणि तेव्हाच चालकाच्या हाती पावती पडते. तासाला साधारण १३ गाड्या, गाडीमागे सरासरी १६ टन. भरल्या काट्यापासून रिकाम्या काट्यापर्यंत पोचायला गाडीला ४० मिनिटे लागतात. पाळ्या तीन : पहाटे ४ ते दुपारी १२, दुपारी १२ ते रात्री ८, रात्री ८ ते पहाटे ४.

दोन्ही काट्यांवरचे संगणक लिनक्स सर्व्हरवरच्या एकाच ऑरॅकल १९सी डेटाबेसला जोडलेले आहेत. वजनाच्या टेबलमध्ये भरल्याची वेळ आणि रिकाम्याची वेळ असे दोन कॉलम, दोन्ही डेट प्रकारचे, दोन्हींत सिसडेट, म्हणजे ऑरॅकलने दिलेली चालू तारीख-वेळ, भरले जाते. रिकाम्याची वेळ भरल्याच्या वेळेच्या आधीची नसावी, असा एक चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे न बसणारी नोंद नाकारणारा नियमही आहे.

सर्व्हर उभा करताना ऑपरेटिंग सिस्टीमचा टाइमझोन यूटीसीच (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) राहिला होता. भारतीय वेळ मिळावी म्हणून ऑरॅकल लॉगिनच्या प्रोफाइल फाईलमध्ये टीझेड हे टाइमझोन सांगणारे व्हेरिएबल एशिया/कोलकाता असे लिहून ठेवले होते. त्यावर कित्येक हंगाम बिनबोभाट चालले, कारण डेटाबेस आणि लिसनर (नेटवर्कवरून येणारी जोडणी डेटाबेसपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) दोन्ही नेहमी त्याच लॉगिनमधून हाताने सुरू केले जात. पाळीचा हिशेब बंद करणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून, चालते. तिच्या पहिल्याच ओळीत ती प्रोफाइल फाईल वाचली जाते, आणि ती सर्व्हरवरूनच, लिसनरला न विचारता, डेटाबेसला जोडली जाते.

गाडीच्या वेळेवर बरेच काही टांगलेले असते. पाळीचे गाळप तिच्यावर ठरते, शेतकऱ्याचे बिल कोणत्या पंधरवड्यात जाणार हेही. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे पुरवठ्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात. ते १४ दिवस पावतीवरच्या तारखेपासून मोजले जातात.

त्या रात्री काय झाले

नोव्हेंबर महिना. रिकाम्या काट्याला नवी केबल आल्यामुळे सर्व्हरवर दुसरे नेटवर्क कार्ड बसवले गेले. लिसनरने नव्या पत्त्यावरही ऐकावे म्हणून त्याची फाईल बदलली. त्याच वेळी आणखी एक चांगले काम उरकले गेले : सर्व्हर बंद-चालू झाला तरी लिसनर आपोआप उठावा म्हणून त्याची सिस्टीमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस आपोआप सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस तयार केली. रात्री १०:४०ला लिसनर या नव्या सर्व्हिसमधून सुरू झाला. डेटाबेसला कोणी हात लावला नाही.

१०:५०ला रिकाम्या काट्यावरचा संगणक नव्या पत्त्यावर घेऊन पुन्हा सुरू केला. पुढची गाडी काट्यावर आली आणि नोंद अडकली : ओआरए-०२२९०, चेक कन्स्ट्रेंट मोडला. त्यामागची गाडीही अडकली, तिसरीही. यार्डात रांग लागली. रात्रपाळीच्या काटा लिपिकाने वजने रजिस्टरमध्ये हाताने लिहून गाड्या सोडायला सुरुवात केली. निर्णय योग्य होता आणि पुढे त्याचाच आधार मिळाला.

११:२०ला भरल्या काट्यावरचाही प्रोग्राम बंद करून चालू करायचे ठरले. त्यानंतर भरल्या काट्यावरून आलेल्या गाड्यांची रिकामी वजने मध्यरात्रीपासून विनातक्रार नोंदली जाऊ लागली. हातच्या नोंदी १५ गाड्यांवर थांबल्या. अडचण सुटली असे सगळ्यांनी धरले.

प्रत्यक्षात दोष आता दोन्ही काट्यांवर पसरला होता. आधी एक काटा बरोबर आणि एक साडेपाच तास मागे होता, म्हणून कन्स्ट्रेंट ओरडत होता. आता दोन्ही सारखेच मागे. दोन चुकीच्या वेळांचा आपसातला क्रम बरोबर होता, आणि कन्स्ट्रेंटला तेवढेच कळते.

कशामुळे

सिसडेट हे डेटाबेसचे स्वतःचे घड्याळ आहे, असा समज सर्रास आढळतो. तसे ते नसते. ज्या सर्व्हर प्रोसेसमध्ये आपली क्वेरी चालते, ती प्रोसेस ऑपरेटिंग सिस्टीमला वेळ विचारते आणि आपल्या टीझेडप्रमाणे स्थानिक वेळ काढते. टीझेड नसेल तर यंत्रणेचा टाइमझोन. त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की प्रोसेसला टीझेड कुठून मिळाले.

सर्व्हरवरच लॉगिन करून थेट जोडलेल्या सेशनला, म्हणजे जोडणीला, ते लॉगिनच्या शेलमधून मिळते. नेटवर्कवरून येणाऱ्या सेशनची प्रोसेस लिसनर जन्माला घालतो, म्हणून तिला लिसनरचे. पार्श्वभूमीतल्या प्रोसेसना डेटाबेस सुरू झाला त्या क्षणीचे. एकाच डेटाबेसमध्ये अशा तीन वेगवेगळ्या वेळा नांदू शकतात.

सिस्टीमडी प्रोफाइल फाईल वाचत नाही. नव्या सर्व्हिसमधून उठलेल्या लिसनरकडे टीझेड नव्हते, त्याने जन्माला घातलेल्या प्रत्येक प्रोसेसकडेही नव्हते, आणि यंत्रणा यूटीसीवर. मात्र १०:४०च्या आधी जोडलेली सेशन लिसनर बंद झाला तरी तुटत नाहीत. त्यांच्या प्रोसेस जुने टीझेड घेऊन चालत राहतात. म्हणूनच भरला काटा ११:२०पर्यंत बरोबर होता आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करताच बिघडला.

शोध कसा लागला आणि कुठे अडला

पहाटे ४ला पाळी बंद झाली. अहवालात १०४च्या जागी ६९ गाड्या, सुमारे १,१०० टन. बाकीच्या ३५ पैकी १५ हातच्या नोंदी संगणकात नव्हत्याच. उरलेल्या २० गाड्यांची रिकामी वजने प्रत्यक्षात मध्यरात्री १२ ते दीडच्या दरम्यान झाली होती, पण त्यांच्यावर १८:३० ते २०:०० अशी वेळ पडली होती. म्हणजे त्या केव्हाच बंद झालेल्या आधीच्या पाळीत जाऊन बसल्या. दीडनंतरच्या गाड्यांवर २०:०० नंतरची वेळ पडल्याने त्या योगायोगाने बरोबर पाळीत मोजल्या गेल्या.

चूक पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या लक्षात आली. मिश्र रसाचे उसाशी प्रमाण एरवी शंभर टक्क्यांच्या आसपास असते, ते दीडशेवर गेले होते. रस मोजणाऱ्या यंत्रणेचा काट्याच्या संगणकाशी संबंध नाही, म्हणून ही साक्ष भरवशाची. पावणेपाचला डेटाबेस सांभाळणाऱ्याला फोन गेला.

त्याने घरून सर्व्हरवर ऑरॅकल लॉगिन केले, थेट जोडून सिसडेट पाहिले. वेळ अगदी बरोबर. डेटाबेसचे घड्याळ ठीक आहे असा निष्कर्ष निघाला आणि पुढचा तास पाळी बंद करणाऱ्या क्वेरीत चूक शोधण्यात गेला. या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच. तपासणी एका दारातून झाली आणि काटे दुसऱ्या दारातून येत होते.

आणखी एका गोष्टीने गोंधळ वाढवला. गाड्यांची यादी काढताना वेळेचा फॉरमॅट ‘एचएच२४:एमएम’ असा लिहिला गेला. ऑरॅकलमध्ये एमएम म्हणजे महिना, मिनिटांसाठी एमआय. नोव्हेंबर असल्याने प्रत्येक गाडीपुढे १८:११, १९:११ असे दिसू लागले आणि वेळेचा सगळा कॉलमच प्रिंटिंगची गडबड म्हणून बाजूला पडला. फॉरमॅट नीट असता तर शेजारशेजारच्या पावती क्रमांकांमध्ये वेळ एकदम साडेपाच तास मागे उडी घेते, हे तिथेच दिसले असते.

५:५०ला काटा लिपिकाकडून काट्याच्याच संगणकावर क्वेरी चालवून घेतली. उत्तर ००:२०. इथून पुढे वीस मिनिटांत सगळे उलगडले.

फरकाचा आकडाच पुष्कळ सांगतो, म्हणून तो सेकंदापर्यंत मोजावा. नेमके ५ तास ३० मिनिटे असतील तर कुठेतरी यूटीसी आणि भारतीय वेळ यांची गल्लत आहे. घड्याळ भरकटल्याने इतका नेमका फरक पडत नाही. नेमके ११ तास असतील तर चिन्ह उलटे लागले आहे : पॉझिक्स पद्धतीत ग्रिनिचच्या पश्चिमेला अधिक धरतात, त्यामुळे टीझेडमध्ये ‘आयएसटी+५:३०’ लिहिले तर घड्याळ यूटीसीच्याही साडेपाच तास मागे जाते. साडेतीन तास आणि डेटाबेस ऑरॅकलऐवजी पोस्टग्रेएसक्यूएल असेल, तर आयएसटी हे संक्षिप्त रूप इस्रायलची वेळ म्हणून वाचले गेले असण्याची शक्यता आधी तपासावी. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये तसा अर्थ आहे आणि टाइमझोन संक्षेपांसाठी ‘इंडिया’ ही यादी वेगळी निवडावी लागते. फरक हळूहळू वाढत जात असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय, पाहा. वेळ गोठलेलीच असेल तर ऑरॅकलमध्ये फिक्स्ड_डेट हे पॅरामीटर पाहा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मात्र नाऊ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते आणि ते तसेच अपेक्षित आहे. क्षणाक्षणाची वेळ हवी असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प वापरायचे.

इथे क्रोनी या एनटीपी प्रोग्रामने घड्याळ जुळलेले दाखवले, फिक्स्ड_डेट रिकामे होते. निर्णायक पुरावा लिनक्सच्या प्रोक फोल्डरमध्ये मिळाला. प्रत्येक प्रोसेसच्या नंबराखाली एन्व्हायरॉन नावाची फाईल असते आणि प्रोसेस कोणती व्हेरिएबल घेऊन जन्मली ते त्यात दिसते. लिसनरच्या फाईलमध्ये टीझेड नव्हते. मग ‘लोकल=नो’ असे नाव लावलेल्या, म्हणजे लिसनरमार्फत आलेल्या सगळ्या ऑरॅकल प्रोसेस तपासल्या. २३ प्रोसेसमध्ये टीझेड नव्हते, बाकीच्यांत होते. लिसनरच्या लॉगमध्येही खूण होती : २२:४०च्या ओळीखालची ओळ १७:१०ची.

कोणते पर्याय तोलले

प्रोग्राममध्ये सिसडेटला ३३० मिनिटे जोडायची. सर्वांत झटपट आणि सर्वांत धोक्याचा उपाय. जुन्या सेशनमध्ये वेळ बरोबरच होती, ती साडेपाच तास पुढे गेली असती. शिवाय मूळ दोष दुरुस्त झाला त्या दिवशी सगळेच बिघडले असते.

डेटाबेसचा टाइमझोन बदलायचा. डीबीटाइमझोन विचारले की +००:०० दिसते आणि तेच कारण वाटते. त्याचा सिसडेटशी काही संबंध नाही. लोकल टाइमझोनसह असलेले टाइमस्टॅम्प साठवताना तेवढे ते वापरले जाते, आणि तसे कॉलम असतील तर बदल ओआरए-३००७९ देऊन नाकारला जातो.

लॉगिन होताच सेशनचा टाइमझोन बदलायचा. याने करंट_डेट आणि करंट_टाइमस्टॅम्प बदलतात, सिसडेट नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमचाच टाइमझोन एशिया/कोलकाता करायचा. हा खरा टिकाऊ उपाय, पण पहाटे सहाला नको. क्रॉन यंत्रणेच्या वेळेवर चालतो. पाळी बंद करण्याच्या नोंदी त्यात ०६:३०, १४:३० आणि २२:३० अशा यूटीसीत लिहिलेल्या होत्या. त्या न बदलता टाइमझोन बदलला असता तर पाळ्या भलत्याच वेळी बंद झाल्या असत्या. चालू असलेल्या प्रोसेसही नवा टाइमझोन आपसूक उचलतील याचा भरवसा नसतो.

म्हणून त्या घडीला लिसनरच्या सर्व्हिसमध्ये टीझेड घालून तो पुन्हा सुरू करणे आणि बिघडलेली सेशन तोडणे एवढेच ठरले.

प्रत्यक्ष दुरुस्ती

६:३०ला दोन्ही काटे दहा मिनिटे थांबवले. सर्व्हिस फाईलच्या सर्व्हिस विभागात टीझेडची एक ओळ घातली, सिस्टीमडीला फाईल पुन्हा वाचायला लावली, लिसनर पुन्हा सुरू केला आणि डेटाबेसला लगेच नोंदणी करायला सांगितले, नाहीतर त्यात मिनिटभर जाऊ शकते. नंतर त्या २३ प्रोसेसची सेशन बंद केली. शेतकी कार्यालयाच्या वेब प्रोग्रामचा कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्या) यात विसरला जाण्यासारखा होता. तिथे जुनी आणि नवी कनेक्शन मिसळलेली असल्याने तेच पान दोनदा उघडले तर दोन वेळा दिसत. शेवटी प्रत्येक संगणकावरून सिसटाइमस्टॅम्प विचारले. त्यात वेळेबरोबर ऑफसेटही, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, छापून येतो, आणि तो सगळीकडे +०५:३० आल्यावरच काटे उघडले. घड्याळात ६:४०.

आकड्यांची दुरुस्ती यापेक्षा नाजूक होती. ‘१०:४० नंतरच्या सगळ्या ओळी साडेपाच तास पुढे’ असे करून चालणार नव्हते, कारण ११:२०पर्यंतच्या भरल्या वजनांच्या वेळा बरोबर होत्या. भरल्या काट्यावर एकच संगणक असल्याने प्रोग्राम पुन्हा सुरू झाल्यानंतरचा पहिला आणि ६:३०च्या आधीचा शेवटचा क्रमांक ही सीमा पक्की होती : ९५ गाड्या. त्यांतल्या ८ अजून यार्डातच होत्या, म्हणजे रिकाम्या वजनाच्या वेळा ८७.

दोन्ही कॉलम एकाच अपडेटमध्ये बदलले. आधी भरल्याची वेळ आणि मग रिकाम्याची, असे दोन टप्पे केले असते तर पहिल्याच टप्प्यात कन्स्ट्रेंट मोडला असता. यार्डातल्या ८ गाड्यांची रिकाम्याची वेळ नल, म्हणजे अजून न भरलेली, होती. नलमध्ये काही मिळवले तरी नलच राहते आणि चेक कन्स्ट्रेंट त्याला अडवत नाही. बदलण्याआधी जुन्या वेळा वेगळ्या टेबलमध्ये ठेवल्या. वेब प्रोग्राममधून झालेल्या तोडणी आदेशांच्या नोंदींत चुकीच्या आणि बरोबर वेळा मिसळल्या होत्या. तिथे सीक्वेन्सचा, म्हणजे डेटाबेसने ओळीने दिलेल्या क्रमांकांचा, क्रम लावून, शेजाऱ्यांपेक्षा साडेपाच तास मागे पडलेल्या ओळी हाताने वेगळ्या काढल्या. एकाच इन्स्टन्सचा डेटाबेस असल्याने हे जमले. आरएसीमध्ये, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर चालतो तिथे, प्रत्येक नोड (सर्व्हर) आपल्या कॅशमधून क्रमांक देतो, तिथे हा क्रम भरवशाचा नसतो.

हातच्या १५ नोंदी रजिस्टरमधल्या वेळांसह, ‘हस्तनोंद’ अशी खूण लावून भरल्या. पाळी पुन्हा बंद केली : १०४ गाड्या.

परिणाम

वजन एकाही गाडीचे चुकले नव्हते. चुकल्या त्या ८७ पावत्यांवरच्या वेळा, आणि त्यांतल्या ७१ पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख होती. त्या पावत्या शेतकऱ्यांच्या हातात गेलेल्या. संगणकात वेळ सुधारून गप्प राहिले असते तर पावती आणि बिल यांत फरक राहिला असता, आणि मग शेतकऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? कारखान्याने गट कार्यालयांमार्फत या पावत्यांची यादी लावली आणि मागेल त्याला दुरुस्तीची सही करून दिली. ती रात्र पंधरवड्याच्या मधली होती म्हणून बिलांपर्यंत काही पोचले नाही. १५ आणि १६ तारखेमधली असती तर ७१ खेपा भलत्या पंधरवड्यात गेल्या असत्या.

वेगळे काय करता आले असते

लिसनर पुन्हा सुरू केल्यावर तपासणी झाली ती फक्त ‘जोडले जाते का’ एवढीच. नव्या कनेक्शनमधून एकदा सिसटाइमस्टॅम्प पाहिले असते तर १०:४१लाच ऑफसेट +००:०० दिसला असता. ११:२०लाही संधी होती. काट्याचा प्रोग्राम सर्व्हरची वेळ पडद्यावर दाखवत नव्हता, नाहीतर लिपिकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ओळखले असते. आता ती मोठ्या अक्षरांत दिसते. आणि एरर आला तर प्रोग्राम बंद-चालू करण्याआधी त्याच पडद्यावरचा पूर्ण मजकूर व चालू वेळ रजिस्टरमध्ये लिहायची, असा काट्यावर नियम झाला आहे.

सर्वांत मोठा बदल टेबलमध्ये झाला. डेट प्रकारात टाइमझोन साठवला जात नाही, त्यामुळे १८:३० हे कुठले साडेसहा हे ओळ पाहून कधीच कळणार नाही. आता टाइमझोनसह टाइमस्टॅम्पचे दोन नवे कॉलम आहेत आणि त्यांत सिसटाइमस्टॅम्प जाते. लिसनर यूटीसीत उठला तरी त्यात ऑफसेटही तसाच पडतो आणि नेमका क्षण हरवत नाही.

काट्याच्या युजरसाठी लॉगिन ट्रिगरही (लॉगिन होताच आपोआप चालणारी तपासणी) घातला आहे. सिसटाइमस्टॅम्प एशिया/कोलकातामध्ये बदलून त्याची सिसडेटशी तुलना होते, एका मिनिटापेक्षा जास्त फरक असेल तर लॉगिनच नाकारले जाते. डेटाबेस ट्रिगर हाताळण्याचा अधिकार असलेल्या युजरला असा ट्रिगर अडवू शकत नाही, म्हणून काट्याच्या युजरकडे तो अधिकार नाही याची खात्री केली.

हंगाम संपल्यावर यंत्रणेचा टाइमझोन बदलला, क्रॉनच्या तिन्ही नोंदी भारतीय वेळेत लिहिल्या आणि सर्व्हर पूर्ण बंद करून चालू केला. थेट जोडणी, लिसनरमार्फत जोडणी, क्रॉनची स्क्रिप्ट आणि डेटाबेसच्या शेड्युलरचे काम अशा चारही वाटांनी वेळ विचारून पाहिली. शेवटी एक मुद्दाम चूक केली : सर्व्हिस फाईलमध्ये कोलकाता या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त घातले. लिनक्सने तक्रार केली नाही, अनोळखी नाव गुपचूप यूटीसी धरले, आणि लिसनर व्यवस्थित उठला. काट्याच्या प्रोग्रामने मात्र लॉगिन करायचा प्रयत्न करताच ट्रिगरने त्याला बाहेर ठेवले.